एकशे चौदा पावलं

विमान आमच्या इमारतीवरून उतरू लागलं की चांगुणामावशी मान वर करून बघायच्या आणि ते कुणाच्या अंगणात टेकणार ते सांगायच्या. "आज तुकारामाचे अंगनात." कधी, "हिराचे गोठ्यात." एकदा म्हणाल्या, "यो माझे ओसरीवरून गेला."

आज जिथे धावपट्टी आहे तिथे त्यांचं गाव होतं. खाडीच्या काठी, मिठागरांच्या मागे, अठ्ठावन्न घरांचं. विमानतळ ठरला तेव्हा ते उठलं आणि पनवेलच्या या बाजूला नव्या वसाहतीत आलं. इथे चार मजल्यांच्या इमारती आहेत, आणि कोण कुठे राहतं ते बी-३०२ अशा आकड्यांनी ओळखतात. मावशी बी-३०२ मध्ये राहायच्या, मुलगा बाळाराम आणि त्याच्या बायकोबरोबर. मी बी-२०२. म्हणजे त्यांची जमीन ते माझं छत. सहा वर्षं त्यांची पावलं मी डोक्यावर ऐकली. जवळजवळ पावणेदोन वर्षं झाली, ती बंद आहेत.

गावाबद्दल त्या कधीही "होतं" म्हणाल्या नाहीत. "आमचे गावान ईर हाय," असंच बोलणं. विहिरीला त्या ईर म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, "होती, मावशी." त्या माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा तेच वाक्य तसंच म्हणायच्या. तिसऱ्या वेळी मी दुरुस्ती सोडली.

आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. मावशी करंजा बंदरावरून सुकट आणायला लावायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या. वरच्या मजल्यावरच्या तीन घरांनी लेखी तक्रार दिली. मी नोटीस काढली, क्रमांक सात, आणि गच्चीच्या दारावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर नोटीस दारावर नाही. ती सुकटीखाली अंथरलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "वाचून घेतली सुनेकडून. बरा लिवलंस. कागद पन जाड हाय." मी काही म्हणायच्या आत त्यांनी ओंजळभर सुकट त्याच कागदात बांधून माझ्या हातात दिली. ती घरी नेली की नाही हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

त्यानंतर त्या मला टेपवाल्या म्हणायला लागल्या. मी एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर आहे. नकाशा बघून विटा किती, सळई किती, खोदाई किती घनमीटर ते काढायचं, हे माझं काम. खिशात पाच मीटरचा टेप असतो. मावशींचा टेप म्हणजे त्यांचे पाय. घरापासून विहीर एकशे चौदा पावलं. देऊळ दोनशे नव्वद. मिठागराचा बांध सहाशे बारा. हे आकडे त्या गाण्यातल्या ओळींसारखे पाठ म्हणायच्या. लिहिता येत नव्हतं, पण एक पाऊल इकडचं तिकडे नाही. आकड्यांच्या बाबतीत इतकं चोख माणूस मी ऑफिसातही बघितलेलं नाही, आणि हे मी सहज म्हणत नाही.

माझी मुलगी मुक्ता मुंबईत एका अॅनिमेशन स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवते. एका व्हिडिओ गेम कंपनीबरोबर मिळून त्यांचा स्टुडिओ मोठा खेळ करत होता. अजूनही करतो आहे. खेळणारा त्यात एक मुसाफिर होतो, गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, त्यांची राहिलेली कामं करतो आणि तशी गोष्ट पुढे सरकते. सगळं हाताने काढलेलं, सिनेमासारखं. त्यातलं एक गाव खाडीकाठचं हवं होतं. मुक्ता दोन गावं बघून आली, पण तिथे आता कंटेनरच्या रांगा. घरी येऊन ती कुरकुरत होती, तेव्हा मीच म्हणालो, वरच्या मजल्यावर एक आख्खं गाव आहे, ते विचार.

मुक्ता वर गेली ती तीन तासांनी खाली आली. तिच्या वहीची बावीस पानं भरली होती.

पुढचे पाच महिने दर रविवारी हेच. मावशी सांगायच्या, मुक्ता काढायची, मी अंतरं टिपून घ्यायचो. कुणाच्या दारात काय, कोण कुठे बसतं, कुणाची म्हैस दुपारी कुठल्या झाडाखाली. मुक्ताने विचारलं, गावात चाळीस माणसं दाखवता येतील, कुठली घेऊ? मावशींनी विचारलं, "मेलेली घ्यायची काय जिती?" मुक्ता म्हणाली, तुम्ही सांगाल ती. "मंग मेलेलीच घे. जिती काय, फ्लॅटमध्ये हायत."

त्यांनी घराघराने नावं सांगितली. ही कशी हसायची, तो कुठल्या पायाने लंगडायचा. नवऱ्याला त्यांनी शेवटी घातलं, चाळिसावा. तो बांधावर पाठमोरा उभा दाखवायचा एवढंच सांगितलं. तोंड का नको, हे मुक्ताने विचारलं नाही आणि मीही नाही. एकेचाळिसावी त्या स्वतः. ओसरीवर बसलेल्या म्हातारीचं चित्र मुक्ताने समोर धरलं, तेव्हा मावशींनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि बाकीच्या चाळिसांकडे बोट करून अगदी साधेपणाने विचारलं, "ही यांच्यातली क आपल्यातली?" मुक्ता हसली. त्या हसल्या नव्हत्या. उत्तर मिळेपर्यंत त्यांनी चित्र खाली ठेवलं नाही. मुक्ता शेवटी म्हणाली, आपल्यातली.

मग प्रश्न आला की ही ओसरीवरची म्हातारी मुसाफिराला काय काम सांगेल. तेव्हा कळशीची गोष्ट बाहेर आली. बाळारामलाही ती पूर्ण माहीत नव्हती.

गाव सोडायच्या दिवशी टेम्पो दारात लागला होता. मावशी सकाळी सवयीने विहिरीवर गेल्या. सासूने दिलेली पितळेची कळशी भरली, काठावर ठेवली. तेवढ्यात बाळाराम हाका मारायला लागला, कपाट टेम्पोत जात नव्हतं. येऊन नेते म्हणून त्या तशाच धावल्या. मग कपाट, मग भांडी, मग देव. टेम्पो सुटला. कळशी नवीन घरी स्वयंपाकघरात आठवली. दोन दिवसांनी परत गेल्या तर पत्रे ठोकून रस्ता बंद केलेला, आणि आत मशीन विहिरीत माती ढकलत होतं.

"रिकामी राहिली असती तर काय नव्हता," मावशी म्हणाल्या. "भरलेली होती. भरलेली कलशी कोन टाकून जातं?"

मुक्ताने वही मिटली. खेळात तेच काम ठरलं. मुसाफिराने विहिरीवर जायचं, भरलेली कळशी उचलायची, वाटेत न सांडता घरी आणून ओसरीवर ठेवायची. मावशींना हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारून घेतली. म्हणजे जो खेळेल तो आणेल? आणि कुठलाही माणूस, आपण त्याला ओळखत नसलो तरी? हो म्हटल्यावर त्या उठून घरी गेल्या. त्या दिवशी जिन्यावर त्यांचा पाय हलका वाजला.

आवाज त्यांचाच घ्यायचा ठरलं. मुक्ता त्यांना स्टुडिओत घेऊन गेली, मी बरोबर होतो. बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बसवलं तर त्या बोलेनात. "कोनाला सांगू? हितं तर कोन नाय." शेवटी मुक्ता आत जाऊन त्यांच्यासमोर खाली बसली. तेव्हा मावशींनी तिच्याकडे बघत सांगितलं, एकदाच, "माझी कलशी ईरीवर राहिलीय. आनशील काय?" काचेपलीकडच्या माणसाने पुन्हा एकदा घेऊया म्हणून खूण केली. मावशी म्हणाल्या, "सांगितला ना तिला एकदा. आनंल ती."

आणि मग सुरू झालं वाट बघणं. खेळ दिवाळीला येणार होता. दिवाळीत कळलं की शिमग्याला. शिमग्याला कळलं की पाऊस संपल्यावर. लिफ्टपाशी, पाण्याच्या टाकीपाशी, मी कामावरून येताना फाटकात, मावशींचा एकच प्रश्न, "आला काय खेल?" लग्नाचं वऱ्हाड कुठवर आलं विचारतात तसा. बाळाराम चेष्टा करायचा, "आमचे आयला आथा कंट्रोलर पायजे, जपमाळ नको." ते खरंही होतं. मुक्ताने सरावाला एक जुना कंट्रोलर दिला होता. मावशी तो दोन्ही बाजूंनी, बोटं मागे ठेवून धरायच्या, जिवंत खेकडा धरतात तसा. महिनाभरात त्यांना बाहुलं सरळ चालवता यायला लागलं. वळवणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. म्हणायच्या, आमच्या विहिरीची वाट सरळ आहे, वळायचं कशाला.

त्या वर्षी पाऊस संपता संपता मुक्ता पहिला नमुना घेऊन आली. रविवार, सकाळी दहा. आमच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. मावशी इरकली लुगडं नेसून आल्या, लग्नाला निघाल्यासारख्या. बाळाराम दारातच उभा राहिला.

पडद्यावर गाव आलं. मी ते गाव कधी बघितलेलं नाही, पण मावशी पुढे सरकून एकेकाचं नाव घ्यायला लागल्या. तुकाराम अंगणात. हिरा गोठ्यापाशी. लांब बांधावर तो पाठमोरा माणूस. नमुन्यात दोनच तुकडे होते: एकात ओसरीवरची म्हातारी मुसाफिराला कळशी आणायला सांगते, आणि आम्ही लावला त्या दुसऱ्यात मावशींचीच तरुणपणची आकृती डोक्यावर कळशी घेऊन विहिरीवरून घराकडे चालते. चाल हुबेहूब. मुक्ताने त्यांना डोक्यावर कळशी असल्यासारखं चालायला लावून व्हिडिओ घेतले होते आणि एकेक पाऊल त्यावरून काढलं होतं. मावशींनी कंट्रोलर धरला आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागल्या.

मीही मोजत होतो, ती माझी सवय आहे. शंभर. एकशे दहा. एकशे चौदाला मावशी थांबल्या. त्यांनी अंगठा उचलला, पडद्यावरची बाई उभी राहिली. दोन्ही बाजूंना नुसती वाट आणि गवत. घर पुढे कुठेतरी बोटाएवढं.

"घर कं गेला?" मावशी म्हणाल्या.

मुक्ता म्हणाली, थोडं पुढे आहे, चला ना. मावशींनी पुन्हा अंगठा दाबला. घराचा उंबरा दोनशे अकराव्या पावलाला आला. मावशींनी कंट्रोलर मांडीवरून खाली ठेवला. त्यांनी आम्हा तिघांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. मग म्हणाल्या, "वाट कोनी लांबवली?" आणि घरी गेल्या.

वाट मी लांबवली होती. दुपारी वही काढून बसलो तेव्हा उमगलं. माणसाचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटर धरायचं, असं आम्ही शिकलो. एकशे चौदा गुणिले पंचाहत्तर, साडेपंच्याऐंशी मीटर. गुणाकार बरोबर होता. मी वर जाऊन एकच प्रश्न विचारला, जो पाच महिन्यांत विचारला नव्हता. मावशी, पावलं जाताना मोजलीत की येताना?

"जाताना कोन मोजतंय? जाताना बाया बोलतात. येताना डोक्यावर पानी, मान हलवायची नाय, बोलायचा नाय. तवा मोजायचा."

डोक्यावर भरलेली कळशी असलेल्या बाईचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं नसतं. आणि फक्त विहिरीचंच नाही. देऊळ म्हणजे नवरात्रातल्या परड्या. बांध म्हणजे मिठाची टोपली. त्यांनी आयुष्यात एकही अंतर रिकाम्या डोक्याने मोजलं नव्हतं. माझ्या वहीत बत्तीस अंतरं होती. बत्तीसच्या बत्तीस चुकलेली, आणि प्रत्येक वेगळ्या ओझ्याने चुकलेलं. मुक्ताने पाऊल बघून काढलं म्हणून ते खरं आलं. मी हिशेबाने काढलं.

मी कबूल केलं. मावशी हसल्या, पहिल्यांदा त्या दिवसात. "टेपवाल्या, तू रिकाम्या मानसाचा गाव बांधलास."

मुक्ताने स्टुडिओत विचारलं. उत्तर आलं की गाव नव्याने मांडता येईल, पण आठ महिने पुढे जाईल. नाहीतर आहे तसंच ठेवून खेळ चार महिन्यांत येईल. खेळणाऱ्या कुणाला फरक कळणार नाही, हेही खरं. बाळाराम मला जिन्यात भेटला. आईच्या हृदयाचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी ओझं उचलायला, जिना चढायला मनाई केली होती. तो म्हणाला, "काका, वाट लांब हाय तर हाय. तिला एकदा बघून घेऊ दे." मला त्याचं पटलं होतं. तसं मी मुक्तालाही सांगितलं.

पण मुक्ताने मावशींना विचारलंच, दोन्ही गोष्टी समोर ठेवून. मावशींनी फार वेळ घेतला नाही.

"आननारा मोजत येनार. एकशे चौदावर घर नाय गावला तर कलशी तिथंच ठेवंल वाटेत. परत तसाच." मग माझ्याकडे बघून, "नीट कर. मना घाय नाय."

म्हणून गाव पुन्हा मोजायचं ठरलं. आणि मोजायला ओझ्याचं पाऊल लागणार होतं. मी म्हणालो, कळशी अर्धी भरू. त्या म्हणाल्या, अर्ध्या कळशीचं पाऊल वेगळं. मी म्हणालो, दहा पावलं चाला, सरासरी काढतो. त्या म्हणाल्या, पहिली दहा पावलं आणि शेवटची दहा सारखी नसतात. दोन्ही मुद्दे बरोबर होते. बाळारामला सांगायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं आणि मी मान्य केलं. अचूक आकडा मिळणार होता, म्हणून मान्य केलं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

एका रविवारी सकाळी भरलेल्या कळशीने मोजलं, आणि त्यानंतर तेवीस दिवसांनी, दुपारी झोपेत, मावशी गेल्या. मी डॉक्टरांना दोनदा जाऊन विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. बाळारामला मी त्या कळशीचं तेराव्यानंतर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गच्चीवर गेला, आणि बराच वेळ तिथून विमानं बघत राहिला. अजून बोलतो माझ्याशी. पूर्वीसारखं काका म्हणतो. विमान गेलं की मात्र आम्ही दोघंही वर बघत नाही.

खेळ अजून आलेला नाही. आठ महिने झाले, मग आणखी काही झाले. मोठ्या खेळांचं असंच असतं, मुक्ता सांगते. जुना नमुना माझ्या लॅपटॉपवर आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी त्यातला पहिला तुकडा उघडला. ओसरीवर मावशी बसलेल्या. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, माझी कलशी ईरीवर राहिलीय, आनशील काय. पुढे काही करता येत नाही, तुकडा तिथेच संपतो. मी उभा राहिलो की त्या थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. चार वेळा ऐकलं. मग विचारत असतानाच बंद करावं लागलं. त्या रात्री छतावर कुणी चाललं नाही, आणि तरी मी मोजत होतो.

आता मुक्ताला म्हातारीचं चित्र त्या चाळीस मेलेल्यांत हलवायचं का, असं मी विचारत नाही. तिनेही विचारलेलं नाही.

तो मोजणीचा रविवार. सकाळचे साडेसात, बाळाराम टँकर घेऊन तळोज्याला गेलेला. आवारात बोअरवेलचा नळ आहे, तिथून इमारतीच्या पुढून फाटकापर्यंत सरळ जागा. मावशींनी सुनेच्या लग्नात आलेली स्टीलची कळशी आणली होती. नऊ लिटरची. नळाखाली काठोकाठ भरली. लुगड्याचा जुना तुकडा पिळून चुंबळ केली. कळशी डोक्यावर चढवायला त्यांनी माझी मदत घेतली, आणि कळशी बसल्याबरोबर हाताने मला बाजूला केलं.

त्या निघाल्या. मी मागून, हातात खडू. मान जराही हलत नव्हती. पावलं इतकी जवळ पडत होती, की मी उगाच पंचाहत्तर धरले याची लाज वाटली. सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. वरून एक विमान उतरत गेलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मावशींनी वर बघितलं नाही. डोक्यावर पाणी होतं. ओठ फक्त हलत होते.

एकशे चौदाला त्या थांबल्या. मी खडूने रेघ मारली. नंतर टेप लावला, शेहेचाळीस मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे पाऊल साडेचाळीसचं. हा आकडा मुक्ताकडे गेला; बाकीच्या ओझ्यांची पावलं घेता आली नाहीत, म्हणून खेळात सगळीकडे आता तोच आहे.

पण तेव्हा मी टेप उघडला नव्हता. मला वाटलं, झालं, आता कळशी उतरवून घ्यावी. मी पुढे झालो. मावशींनी माझ्याकडे बघितलंच नाही. समोर मोकळं आवार, पुढे फाटक, वर आभाळ. त्यांनी मान ताठ ठेवून दोन्ही गुडघे वाकवले, सावकाश, कळशीतलं पाणी न हिंदकळता, खाली, आणखी थोड्या खाली. मग उजवा पाय वीतभर उचलून पलीकडे ठेवला, डावा त्याच्यामागून. आणि आत जाऊन त्या सरळ झाल्या.

दाराची उंची मी कधी विचारली नव्हती. ती मोजायची राहिली.